आई, यायले नाव विचारा

आमच्या घरात सून अन् सासरा समोरासमोर बोलत नाहीत. भांडण नाही, राग नाही. रीत आहे. माझी बायको माझ्या बापाशी त्याच्या मरणापर्यंत एक शब्द थेट बोलली नाही, अन् त्याची शेवटची सगळी सेवा तिनेच केली. सून दारामागून सासूला सांगते, सासू सासऱ्याला सांगते. दोघं एकाच खोलीत हातभर अंतरावर बसले असले तरी. शहरातल्या लोकांना याचं हसू येतं. येऊ द्या.

आमच्या घरी मधली जागा माझ्या बायकोची होती. स्वयंपाकघर अन् पुढची खोली यांच्यामधल्या दारात तिची खाट होती. तिथे बसून ती मेथी निवडायची, वाती वळायची, अन् आमचं बोलणं इकडून तिकडे पोचवायची. पण जसंच्या तसं कधी नाही.

"तिले सांग, भाजीत मीठ नाही," मी म्हणायचो.

"अवं, तुहे सासरे म्हनतात भाजी लय झकास झाली. मीठ जरासं जास्त असतं तं बोटं चाटली असती."

"मी असं कधी म्हटलं व?"

"गप राहा, अजी. तुमचं बोलनं जसंच्या तसं देल्लं तं पोरगी उद्या मायेरी जाईन."

माझं शिक्षण चौथीपर्यंत. भातकुलीजवळ थोडं वावर आहे. त्यात झेंडू, शेवंती, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर. माल अमरावतीच्या बाजारात नेऊन विकायचा, एवढंच मला येतं. मुलगा नागपूरकडे कारखान्यात आहे, महिन्यातून एकदा येतो. सून खेड्यातलीच, पण लग्नाआधी कॉलेजात विज्ञान शिकलेली. तिला रक्त-लघवी तपासायचा कोर्स करायचा होता. तिने सासूला सांगितलं, सासूने मला सांगितलं. मी म्हटलं, "लोकायचं मूत तपासाले सून पाठवू काय मी?"

हे बोलणं बायकोने मधेच गिळलं. तिकडे तोंड करून म्हणाली, "हो म्हनले."

मला कळलं तेव्हा सून राजापेठेच्या क्लासला जाऊ लागली होती. मी बायकोवर ओरडलो. ती म्हणाली, "आता ओरडून काय फायदा? फी भरली मी." विषय संपला.

मग घरात अभ्यास सुरू झाला. सून पोळ्या लाटता लाटता पाठ म्हणायची, अन् माझी बायको खाटेवरून ऐकायची. बायको एकही दिवस शाळेत गेली नव्हती, पण कानाने लवकर शिकायची. रक्त काढलं की ते वेगवेगळ्या नळ्यांत भरतात, अन् भरायचा क्रम झाकणाच्या रंगावरून असतो. आधी निळी, मग लाल, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी राखाडी. क्रम चुकला तर एका नळीतलं औषध दुसरीत जातं अन् रिपोर्ट खोटा येतो. सून मधेच अडली की बायको ओरडायची, "हिरवी! हिरवी इसरली तू!" जांभळी नळी भरली की हळूच उलटी-सुलटी करायची, हलवायची नाही, हेही तिला पाठ. "ताक नाही घुसळाचं," असं ती म्हणायची. मी पुढच्या खोलीत पेपर घेऊन बसलेला असायचो, तरी हे सगळं माझ्याही डोक्यात जाऊन बसलं. नको असताना.

शीर शोधायचा सराव करायला क्लासमध्ये रबराचा हात होता. बायको म्हणाली, "रबर बोंबलत नाही. माह्या हातावर शिक." क्लासच्या मॅडमने घरी असं करू नका म्हणून बजावलं होतं. पण बायको ऐकणाऱ्यातली नव्हती. बांगड्या वर सारून ती हात पुढे करायची.

"आई, दुखलं तं सांगा."

"तुले कायले सांगू? तुह्या सासऱ्याले सांगीन. त्याईले तं कावाले कारनच लागते."

सुई टोचण्याआधी एक नियम होता. पेशंटला त्याचं पूर्ण नाव विचारायचं, अन् ते त्याच्याच तोंडून आलं पाहिजे. आपण नाव घेऊन 'तुम्हीच ना?' असं विचारायचं नाही, कारण म्हातारी माणसं कशालाही मान हलवतात. आता बाईच्या पूर्ण नावात मधे नवऱ्याचं नाव येतं. बायकोने लग्नात उखाणा घेतला तेवढाच, त्यानंतर माझं नाव कधी घेतलं नव्हतं. सून विचारायची, "तुमचं पूर्ण नाव सांगा," अन् ही पदर तोंडाशी धरून, भिंतीकडे पाहून, माझं नाव घ्यायची. रोज. मी पेपरात डोकं घालायचो. त्या पेपरात काय छापलं होतं ते मला आज सांगता येणार नाही.

मग बायकोच्या किडन्या गेल्या. अमरावतीच्या दवाखान्यात ठेवली. हात सुजले, शिरा दबून गेल्या. नर्सला शीर सापडेना. बायको म्हणाली, "माह्या सुनेले बोलवा. तिले माह्या शिरा पाठ हायेत." सून आली. तिने बोटाने चाचपलं, या हाताला, त्या हाताला. दोनदा टोचलं. रक्त आलं नाही. बायको म्हणाली, "राहू दे व माय."

दोन दिवसांनी ती मेली. त्यात सुनेचा काही दोष नव्हता. डॉक्टर मला म्हणाले, कोणालाच शीर सापडली नसती. पण माणसाचं मन डॉक्टरचं ऐकत नाही. त्या दिवसापासून सून सुई उचलायची अन् परत डब्यात ठेवायची.

तेरावं झालं. पाहुणे गेले. मुलगा कामावर गेला. घरात आम्ही दोघं उरलो, ज्यांना एकमेकांशी बोलता येत नाही.

पहिल्या सकाळी मला चहा पाहिजे होता. मी खाटेकडे तोंड करून म्हटलं, "तिले सांग, चहा ठेव." बोलून गेलो अन् मग कळलं. तिकडे स्वयंपाकघरात भांडं वाजलं. जरा वेळाने सुनेने चहा उंबऱ्यावर आणून ठेवला अन् खाटेकडे पाहून म्हणाली, "आई, साखर संपली म्हना."

तसंच सुरू झालं, अन् सुरू राहिलं.

हे नाटक नव्हतं. नाटक असतं तर दोघांपैकी एक कधीतरी हसला असता. मी बोललो की मधे थोडा वेळ जायचा. तेवढ्या वेळात बायकोने बोलायचं. मग सून उत्तर द्यायची. मला उगाच कडू बोलायची सवय आहे, ती काही बायकोबरोबर जळाली नाही. मी म्हणायचो, "तिले सांग, दिवसा लाइट काहून जाळून राहिली? बापाचा कारखाना हाये काय?" अन् सून असं उत्तर द्यायची जसं तिला गोड शब्दांत सांगितलं गेलं. तोंड वाकडं नाही, डोळ्यात पाणी नाही. "आई, म्हना, आत्ताच बंद करतो." मग मधे माझं बोलणं बदलत कोण होतं?

खाटेवर कोणी बसत नव्हतं. तरी तिची नवार करकरायची. मेथीच्या काड्या मोडल्यासारखा बारीक आवाज यायचा, अन् घरात मेथी नसायची. मी उठून पाहायला गेलो नाही कधी. आवाज येऊन राहिला तर येऊ द्यावा. तपासायला जाऊ नये.

एकदा शेजारची म्हातारी विरजण मागायला आली अन् आमचं बोलणं ऐकून दारातच थबकली.

"बाप्पा, तुमी दोघं कोनाशी बोलून राहिले?"

"बायकोशी," मी म्हटलं.

"थे तं गेली ना!"

"गेली तं गेली. म्हनून काय बोलनं सोडू?"

ती खालच्या आवाजात म्हणाली, "गेलेल्या मानसाले कामात अटकवून ठेवू नये, भाऊ. त्याईले बी वाट धरा लागते." मग पदर सावरून, खाटेला वळसा घालून, विरजण न घेताच गेली.

सुनेचा अभ्यास चालू होता. परीक्षा अकोल्याला होती. लेखी झालं की प्रात्यक्षिक, बाहेरच्या परीक्षकासमोर, खऱ्या माणसाचं रक्त काढून दाखवायचं. पास झालं तरच प्रमाणपत्र, अन् प्रमाणपत्र असलं तरच लॅबात घेतात. परीक्षेआधी राजापेठेच्या क्लासने एकदा सगळी रंगीत तालीम घेतली. मी त्या दिवशी शेवंती विकून क्लासच्या जिन्याखाली बसलो होतो. मॅडम स्वतः खाली आल्या.

"तुम्ही तिचे सासरे ना? वर या जरा."

वर एका खोलीत सून खुर्चीवर बसली होती, डोक्यावर ओढणी, मान खाली. मॅडमने मला बाहेरच्या बाजूला नेलं अन् सांगितलं. सरावासाठी त्यांनी गल्लीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना बसवलं होतं. धोतर, टोपी, माझ्याच वयाचे. सुनेने हात धुतले, सामान मांडलं, दंडाला पट्टा बांधला. आता नाव विचारायचं.

"तिने डोक्यावर ओढणी घेतली," मॅडम म्हणाल्या, "बाजूला एक रिकामं स्टूल होतं, त्याच्याकडे वळली आणि म्हणाली, 'आई, यायले नाव विचारा.' आणि थांबली. काका, ती उत्तराची वाट पाहत थांबली होती. पट्टा मिनिटाच्या वर ठेवायचा नसतो. त्यांचा हात काळानिळा पडायला लागला तेव्हा मी तो सोडला."

मी दारातून आतल्या त्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं.

"कोण आई?"

"तिची सासू. माझी बायको."

"त्या कुठे असतात?"

"घरी," मी म्हटलं. तेच तोंडातून निघालं.

"मग त्यांना सांगा तिला समजवायला. अकोल्याला असं झालं तर तिथेच नापास. आणि नाव विचारायलाच पाहिजे. नाव न विचारता रक्त काढलं तर एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जातं. त्यात माणूस मरतो. समजलं ना?"

समजलं. मी म्हटलं, सांगतो तिला.

बसमध्ये सून पुढे बायकांच्या सीटवर बसली, मी मागे. घरी आलो. तिने पाणीही घेतलं नाही. दारात उभी राहून खाटेला म्हणाली, "आई, मामाजीले सांगा, मी अकोल्याले जात नाही. माह्या हाताले शीर सापडत नाही अन् तोंडाले नाव विचारता येत नाही. माह्याकून होत नाही म्हना."

मग ती थांबली. मीही थांबलो. भर दुपार होती, बाहेर ऊन रणरणत होतं, घरात काही हलत नव्हतं. मला वाटलं, बायको आता यातलं काही बदलून, गोड करून मला देईल. पण यात गोड करण्यासारखं काहीच नव्हतं.

तेव्हा मला सगळं उघड दिसलं. मी जोवर खाटेला सांगत राहीन, तोवर ही पोरगी जगभरातल्या रिकाम्या स्टुलांकडे पाहत राहील. अन् मी खाटेला सांगणं सोडलं, तर बायकोला या घरात थांबायला कामच उरत नाही. ती बिनकामाची एका जागी बसणारी बाई नव्हती. आयुष्यात कधी बसली नाही.

खोटं कशाला सांगू? मनात आलं, जाऊ दे परीक्षा. झेंडूवर पोट भरते. सून घरी राहील, बायकोही घरी राहील. मग दिसलं, सून अजून खाटेकडे पाहून वाट पाहून राहिली होती. वय काय त्या पोरीचं. तिचे डोळे आता माझ्यासारखे म्हातारे झाले होते.

"पोरी," मी तिच्याकडे पाहून म्हटलं.

तिने मागे वळून पाहिलं, कोणाला म्हणतात म्हणून.

"तुलेच म्हनून राहिलो. तुले अकोल्याले जा लागते."

तिने ओढणी ओढली, भिंतीकडे तोंड केलं अन् म्हणाली, "आई..."

"आई मेली," मी म्हटलं.

गेली, वारली, देवाघरी गेली, असं सगळे म्हणत होते. मेली हा शब्द आमच्या घरात तोवर कोणी काढला नव्हता. मी तो मोठ्याने काढला. सून भिंतीला टेकून खाली बसली. मी खाटेपाशी गेलो अन् खाटेवर बसलो. बायकोच्या जागेवर, पाय खाली सोडून. सदऱ्याची बाही वर केली.

"आन तुहं सामान. नाव विचार मले."

भिंतीकडूनच आवाज आला, "सासऱ्याले नाव कसं विचारू?"

"पाह्य, बोलली ना माह्याशी! आभाय पडलं का?"

त्यावर ती रडता रडता हसली की हसता हसता रडली, मला कळलं नाही. उठली. हात धुतले. डबा आणला. दंडाला पट्टा बांधताना तिची बोटं थंडगार होती. सासऱ्याच्या अंगाला सून हात लावत नाही. मी वर छताच्या टिनाकडे पाहत राहिलो.

"तुमचं... तुमचं पूर्ण नाव सांगा, मामाजी."

"मामाजी नाही म्हनाचं. तथी काय सारे पेशंट तुहे मामाजी राहतीन? मी एक म्हातारा आहो, डोकशानं अर्धा. पुन्हा विचार."

तिने पुन्हा विचारलं. मी माझं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आडनाव सांगितलं. नळीवर ते लिहायचं होतं. तिथे तिचा पेन अडला. सून सासऱ्याचं नाव घेत नाही, लिहीतही नाही. तिने लिहिलं.

पहिली सुई चुकली.

"माह्या शिरा कासऱ्यासारख्या हायेत, आंधळ्याले सापडतीन. घाबरते कायले? मी काही मरून नाही राहिलो."

असं बोलायला नको होतं. पण बोलून गेलो. माझं बोलणं बदलणारं मधे कोणी नव्हतं, ते तसंच तिच्या कानात गेलं. तिने ओठ दाबले, बोटाने शीर पुन्हा चाचपली, डोळे मिटून चाचपली, अन् दुसरी सुई सरळ आत गेली. रक्त आलं. काळपट, संथ. तिने पट्टा सोडला, नळ्या भरल्या, जांभळी नळी हातात हळू उलटीसुलटी केली.

मी तेव्हा काय करत होतो, तर कान देऊन होतो. निळी झाली, लाल झाली. आता कोणीतरी ओरडेल, हिरवी इसरली. सून विसरली नव्हती, पण तरी. कोणी ओरडलं नाही. खाट करकरत होती, ती माझ्या वजनाने.

त्यानंतर रोज ती मला नाव विचारायची अन् मी सांगायचो. अकोल्याचा दिवस आला तोवर माझे दोन्ही हात वांग्यासारखे निळेजांभळे झाले होते. या दिवसांत मेथीच्या काड्या मोडल्याचा आवाज आला नाही.

अकोल्याला मी जठारपेठेच्या बाजूला एका चहाच्या टपरीवर बसून राहिलो. चहावाल्याने माझे हात पाहिले.

"दवाखान्यातून आले काय, बाबा?"

"नाही. माह्या सुनेची परीक्षा हाये."

"मंग मार तुमी खाल्ला काय?"

"हो," मी म्हटलं, "तसंच समज."

तो हसला अन् दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी बाकावर एकटा होतो. आजूबाजूला कोणी ऐकत नाही असं पाहून हळूच म्हटलं, "अवं, तिले सांग, घाबरू नको म्हना." अन् थांबलो. आम्ही घरी थांबायचो तेवढाच थांबलो. ऑटो गेले, एक पाण्याचा टँकर गेला. माझं बोलणं माझ्यापाशीच पडून राहिलं.

सून बाहेर आली तेव्हा ऊन उतरलं होतं. दुरूनच बोलत आली. "मामाजी, पह्यल्याच झटक्यात आलं! नाव विचारलं, जन्मतारीख बी विचारली. म्हातारेच होते, अन् लय तापट. म्हने, किती नाव विचारता, लगन लावता काय माहं? परीक्षक हसले." इतकं बोलणं मी तिचं एकदम कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "बरं झालं." निकाल पुढे लागला, ती पास झाली, आता राजापेठेतल्या एका लॅबात जाते. पण ते नंतरचं.

परतीच्या बसमध्ये आम्हाला एकच सीट मिळाली. दोघांना बसावं लागलं. ती खिडकीकडे, मी इकडे, मधे तिची पिशवी. बराच वेळ ती बोलत होती. मूर्तिजापूरच्या अलीकडे तिने बाहेर पाहतच विचारलं, "आई आता ऐकू येते का जी तुमाले?"

"नाही."

"मले बी नाही."

मूर्तिजापूर आलं अन् गेलं. तिने ओढणी तोंडाला लावली, तिचे खांदे हलू लागले. पुढच्या सीटवरची बाई वळून पाहू लागली. अशा वेळी सुनेला काय सांगायचं हे मला या वयापर्यंत कधी शिकावं लागलं नव्हतं. बडनेऱ्याचे दिवे दिसू लागले तेव्हा मी पिशवी उचलून मांडीवर घेतली अन् म्हटलं, "रडून घे. मी पाहत नाही."